मुठीत मावणारी नखं

“ताई, अजून लांब पायजेत,” दर्शना म्हणाली.

तिच्या दोन्ही हातांना मी ट्रायलसाठी टिपा बसवल्या होत्या. टिप म्हणजे प्लॅस्टिकचं तयार नख. आपल्या नखाच्या टोकाला चिकटवायचं, हवं तेवढं कापायचं, फाइलने घासून आकार द्यायचा आणि वर जेल लावून लॅम्पखाली सुकवायचं. ट्रायलला मी पक्का गोंद लावत नाही, चिकटपट्टीवर भागवते. त्या टिपा आधीच एवढ्या लांब होत्या की तिला स्वतःच्या मोबाइलवर बोट फिरवता येत नव्हतं. म्हणून रील दाखवायचं काम तिची मैत्रीण मनीषा करत होती. रीलमधल्या मुलीची बोटं शेवग्याच्या शेंगांसारखी होती. तिला काहीही शोभलं असतं.

“तो आकार कॉफिनचा,” मी म्हटलं.

“कॉफिन म्हंजे काय?”

“बॅलेरिना पण म्हणतात त्याला,” मी म्हटलं. कॉफिन म्हणजे शवपेटी, टोकाकडे निमुळती होत सरळ कापलेली; नवरीसमोर मी हा अर्थ सांगत नाही.

माझा नेल स्टुडिओ शहापुरात बाजारपेठेत आहे, एका मेडिकलच्या वर. पाटीवर माझ्या नावाखाली बी.कॉम. लिहिलंय. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजला कुणी गेलं नव्हतं. एवढं शिकून नखं घासतेस का, असं विचारणारे भेटतात. मी हो म्हणते. पाटी माझी आहे, ज्याला खटकते त्याने मेडिकलची पाटी वाचावी.

दर्शना मुरबाडकडची. किन्हवलीवरून एसटीने दोघी आल्या होत्या. लग्न चार दिवसांवर होतं, सासर तानसाच्या बाजूचं. ती कबड्डी खेळते. लेफ्ट कॉर्नर, म्हणजे चढाईला आलेल्या मुलीचा घोटा पकडून तिला परत जाऊ न देणं हे तिचं काम. हात त्या कामाचेच होते. पंजा रुंद, बोटं आखूड आणि जाड, उजवी करंगळी कधीतरी मोडून वाकडी बसलेली. नखं आडवी, चपटी. शाळेपासून तिने ती वाढू दिलेली नव्हती, कारण सामन्याआधी पंच नखं तपासतात आणि वाढलेली दिसली तर कापून ये म्हणून बाहेर पाठवतात. साखरपुड्यानंतर प्रॅक्टिस बंद झाली, तेव्हा कुठे जरा पांढरी कड दिसायला लागली होती.

“एवढी लांब कशाला हवीत पण?” मी विचारलं.

मनीषाने सांगितलं.

साखरपुड्यात अंगठी पेरापाशी अडकली. नवऱ्याची मोठी बहीण पुढे झाली, तेल लावून ढकलून पाहिली, तरी जाईना. तेव्हा ती सगळ्यांच्या देखत म्हणाली, “गो बाय, हात हाय का फावडा?” मांडव हसला. दर्शनाही हसली. नवरा चांगला, तो म्हणाला अंगठी मोठी करून आणू, आणि आणलीसुद्धा. पण तेव्हापासून ही पोरगी हात ओढणीत गुंडाळून बसते. माझ्याकडे आली तेव्हाही तशीच बसली होती. मला वाटलं होतं थंडी वाजतेय. एसी बंद केला होता मी.

“लग्नाच्या फोटोत हात बारीक दिसला पायजे,” ती म्हणाली. “बस.”

“आन सुपारी?” मनीषाने विचारलं.

“सुपारीचं काय?”

“गो येडे, सुपारी धरणार कशी?”

हा खेळ सगळीकडे असतो. हळद उतरवताना नवरीने मुठीत सुपारी धरायची आणि नवऱ्याने ती डाव्या हाताने सोडवायची. मग नवऱ्याच्या मुठीतली नवरीने काढायची, तिला दोन्ही हात चालतात. घटकाभराची मजा. पण इकडे नवरी म्हणजे तालुक्यातली लेफ्ट कॉर्नर. तिच्या टीमने नवऱ्याच्या मित्रांना आधीच सांगून ठेवलं होतं, आमच्या दर्शनाची मूठ उघडून दाखवा, नाहीतर सगळ्या टीमला मटण.

माझ्याकडे सुपारी नव्हती. नेलपॉलिशच्या बाटलीचं झाकण मी तिच्या तळहातावर ठेवलं.

“मूठ मीट.”

तिने मिटली. म्हणजे मिटायला गेली. टिपा तळहातात टोचल्या, बोटं अर्ध्यावर थांबली. तिने जोर लावला तशी एक टिप उडून आरशावर आपटली, दुसरी मनीषाच्या मांडीवर. झाकण घरंगळत सोफ्याखाली गेलं. मनीषा खो खो हसली. मग तिने दर्शनाकडे पाहिलं आणि थांबली.

दर्शना उरलेल्या टिपा एकेक करून काढत होती. “लावा ताई,” ती म्हणाली. “लांबच लावा. सुपारी सोडते मी.”

“सोडते?” मनीषा म्हणाली. “तू?”

“सोडते म्हटलं ना. एकदा हरले तर काय मरत नाय.”

गिऱ्हाईक सांगेल ते करावं, हा धंद्याचा नियम मला पाठ आहे. पण ज्या मुलीने कुणाचा घोटा सोडला नाही, ती माझ्या खुर्चीत बसून, माझ्या टिपांसाठी सुपारी सोडणार म्हणते, हे मला बरं वाटेना.

“एक काम करू,” मी म्हटलं. “डाव्या हाताला तुझं रील. उजव्याला मी म्हणते ते. मग बघ आणि ठरव.”

आता हातावरून आकार कसा ठरवतात ते सांगते. नखाचा बोटाला चिकटलेला गुलाबी भाग असतो, त्याला नेलबेड म्हणतात. तो अरुंद आणि लांब असेल तर सरळ कापलेलं चौकोनी नखही छान दिसतं. तो रुंद आणि आखूड असेल तर चौकोनी नखाने बोट आणखी पसरट दिसतं. अशा बोटाला ओव्हल द्यायचा, म्हणजे अंड्याच्या टोकासारखा. दोन्ही कडा हळूहळू आत घेत न्यायच्या. त्याहून निमुळता अल्मंड, बदामाच्या आकाराचा, पण त्याला लांबी लागते. आणि रुंद नखावर खूप लांबी चढवली की हात बारीक दिसत नाही, नखंच मोठी दिसतात. हे सांगून कुणाला पटत नाही. दाखवावं लागतं.

उजव्या हाताची बोटं मी कोमट पाण्यात भिजवली. नखाच्या मुळाशी पातळ कातडी असते, क्युटिकल. ती मऊ करून मागे सारली. तेवढ्याने नेलबेड जरा लांब दिसायला लागतो. तिचं स्वतःचं जे थोडं नख वाढलं होतं तेच ठेवलं, टिप नाहीच. बोटाच्या टोकापेक्षा जरासं बाहेर, ओव्हल. मजबुतीला वर जेलचा एक थर. रंग तिला लालभडक हवा होता. मी तिच्या कातडीच्या जवळचा, तांबूस गव्हाळ घेतला आणि दोन्ही कडांना केसाएवढी जागा न रंगवता सोडली. रुंद भिंतीवर मधोमध उभा पट्टा मारला की नजर वरखाली जाते, आडवी पसरत नाही. तसंच.

डाव्या हाताला कॉफिन करून दोन्ही हात शेजारी टेबलावर ठेवायला लावले.

ती बघत राहिली. मान तिरकी करून, हात लांब धरून, मोबाइलमध्ये फोटो काढायला लावून. डावा हात दुसऱ्या कुणाचा आणून जोडल्यासारखा दिसत होता.

“हा लांब नाय,” ती उजव्याकडे बघून म्हणाली.

“नाही. पण बोट लांबट दिसतंय की नाही?”

“मने, काय वाटतं गो?”

“हात तुझाच दिसतोय,” मनीषा म्हणाली.

“मंग?”

“मंग काय? बरा दिसतोय.”

मी सोफ्याखालून झाकण काढून तिच्या उजव्या हातावर ठेवलं. मूठ मिटली. नखं तळहातात नीट मावली. मनीषा उठली आणि दोन्ही हातांनी ती मूठ उघडायला लागली. माझ्या खुर्चीला चाकं आहेत. दोघी खुर्चीसकट सरकत बेसिनपर्यंत गेल्या, लॅम्पची वायर निघाली, पण मूठ काही उघडली नाही. दर्शना तेव्हा पहिल्यांदा हसली.

“हेच करा ताई,” ती म्हणाली. “पण चमकी लावा थोडी.”

अनामिकेला चमकी लावली. तेवढं तिचं ऐकायला हवंच होतं.

लग्नाला मला जाता आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मनीषाने व्हिडिओ पाठवला. दोघं पाटावर बसलेली, अंगभर हळद. नवरा डाव्या हाताने भिडलेला. आधी त्याने वाकडी करंगळी उचलायला घेतली, सोपी वाटली असेल. ती सगळ्यात घट्ट होती. मग अंगठा. मग त्याने गुदगुल्या करून पाहिल्या, तर टीमच्या पोरी ओरडल्या, “फाउल! फाउल!” नवरा घामाघूम. मागून नणंद म्हणाली, “सोड गो आता, पंगत खोळंबली.”

दर्शनाने मूठ तशीच नणंदेपुढे धरली. “वन्स, तुमीच काढा. फावडाच हाय, भ्यायचं काय त्यात?”

नणंदेने बांगड्या वर सारल्या, पदर खोचला आणि बसली. दोन्ही हातांनी. बरंच झटली. शेवटी दर्शनाच्याच खांद्यावर डोकं टेकून हसत सुटली. “मेले गो बाय. घोरपड हाय का कोन!” तेव्हा दर्शनाने मूठ उघडली आणि सुपारी तिच्या हातावर ठेवली. नवऱ्याच्या मुठीतली काढताना मात्र एका नखाच्या जेलचा टवका उडाला.

ते नख दुरुस्त करायला ती आठवड्याने आली, बरोबर नणंद. दर्शनाचं काम होईपर्यंत बाई पदराखाली हात घेऊन बसल्या होत्या. निघायच्या वेळी म्हणाल्या, “माझं पन होईल का काय?”

हात टेबलावर आला. दर्शनाच्या हातापेक्षा रुंद होता.

“काय काम करता?” मी विचारलं.

“भाकऱ्या. हायवेच्या ढाब्याला पुरवते तांदळाच्या.”

मी नखं आखूड कापली, कोपरे गोल केले, क्युटिकल मागे सारली. जेल नाही, पिठात निघून येईल. फक्त पारदर्शक पॉलिशचा एक हात.

“एवढंच?” त्या म्हणाल्या.

“एवढंच.”

त्यांनी हात उलटासुलटा करून पाहिला. मग दर्शनाच्या हाताशेजारी धरून फोटो काढायला लावला.

आता कुणी रील घेऊन आलं की मी आधी विचारते, या हाताने उद्या काय करायचंय? आकार त्यानंतर ठरतो. बहुतेक वेळा उत्तर भाकरी किंवा मोबाइल असतं. दोन्हीला लांब नखं चालत नाहीत.