गयानं कळशी पालथी ठेवली

त्या दिवशी सकाळी मी अन् माझी बायको गया डेअरीपर्यंत बरोबर गेलो. माझ्या हातात दुधाची किटली, गयाचे हात रिकामे. दूध घालून बाहेर आलो तर ती पुढं पाझर तलावाच्या भिंतीवर निम्म्याला पोचलेली. तलावात पाण्याचा टिपूस न्हाई, नुसत्या भेगा. परत आली, पदरानं घाम पुसला अन् म्हणाली, "अवो, तुमी लई मागं ऱ्हाता." तेवढंच. दुपारी डाळ निवडता निवडता ती भिंतीला टेकली, ती पुन्हा उठली न्हाई... त्याला आता महिना उलटून गेला.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायला हात वळत न्हाई. पण गयाच्या चालण्यावर गावात नको ते बोललं गेलं, म्हणून लिहितोय.

आमच्या पाटोद्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोला मिळून एक कोयता म्हणतात. दुष्काळ असायचाच, मग दिवाळी झाली की सहकारी कारखान्याचा फड. गयानं डोक्यावर मोळ्या घेऊन फळीवरून ट्रकात चढवल्या, पोटुशी असतानासुद्धा. वय झालं तसा फड सुटला, पाण्याचा टँकर दारापुढं यायला लागला, तिचं बसणं वाढलं. उपकेंद्रातल्या सिस्टरनी तपासलं तर साखर वाढलेली, बीपी वाढलेलं. गोळ्या दिल्या अन् वर सांगितलं, रोज सकाळी भरभर चालायचं, दम लागेल इतकं. मला हसू आलं. म्हणालो, जल्मभर मोळ्या वाहिल्या, आता सरकार तुला चालायला शिकवतंय व्हय. गया हसली न्हाई. म्हणाली, "ते चालणं कारखान्याचं होतं. हे माझं हाय."

आता आमच्या गावात बाई रिकाम्या हातानं रस्त्यानं निघाली की चार जण इचारणार, कुठं निघालीस, कशापायी निघालीस. म्हणून ती पाण्याला चालल्यासारखी कमरेवर रिकामी कळशी घेऊन निघायची. अन् रिकामीच घेऊन परत यायची. टँकरचं पाणी कुणाला पुरायचं न्हाई, त्यामुळं दुष्काळात त्याचं कुणाला नवल वाटलं न्हाई. बघता बघता आणखी बाया निघाल्या, कळश्या घेऊन. शेजारची कौसा तर पहिल्या दिवसापासून. एकदा डेअरीच्या चेअरमननं सगळ्यांदेखत टोमणा मारला, गयाबाई, रोज पाणी सांडता कुठं? गयानं डेअरीच्या कट्ट्यावर कळशी पालथी ठेवली. म्हणाली, "सांभाळा. मला चालायचंय." त्या दिवसापासून तिनं हातात काही धरलं न्हाई. बाकीच्या बायांना मात्र तेवढं धाडस झालं न्हाई.

तिला पोचवून आलो त्या संध्याकाळी माणसं दारात बसली होती. चेअरमन म्हणाले, "तात्या, त्या सिस्टरच्या नादानं गेली बघा. ह्या वयात असं पळायचं असतं का?" चार मुंड्या हलल्या. दाराआड बाया ऐकत होत्या. मी म्हणालो, "चेअरमन, ती बसल्या जागी गेली. मग बसायचं बंद करता का?" चेअरमन उठून चपला शोधायला लागले. पण जाताना कौसा हळूच सांगून गेली, की घरचे आता तिला चालायला सोडणार न्हाईत. बाकीच्यांचंही तेच. म्हणजे गया गेली ती गेलीच, तिचं चालणंही हे लोक तिच्यासंगं जाळणार होते. जाळून देतो व्हय मी?

दुसऱ्या दिवशी उजाडताच उठलो. सुतकातल्या माणसानं कुणाच्या दारात जायचं नसतं. गेलो. कौसाच्या अंगणात उभा राहून गया रोज मारायची तशी हाक मारली, "चला गं, ऊन व्हायलंय."

बराच वेळ दार बंद... मग कौसा आली. डोळे सुजलेले, कमरेवर कळशी.

"तात्या, तुमाला सुतक हाय."

"हाय. ती कळशी खाली ठेव."

तिनं घराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं अन् उंबऱ्याशी कळशी पालथी घातली. आमी निघालो. तलावाच्या भिंतीपर्यंत दम लागला, पण मी मागं राहिलो न्हाई.