गुराखी कीर्तनकाराच्या गावाला

नाना गेल्याची तार आली तेव्हा मी जळगावच्या घरात डाळ निवडत होते. नाना म्हणजे माझे वडील. जायचं नाही, असं मी तिथल्या तिथे ठरवलं आणि सात दिवस त्यावर टिकले. आठव्या दिवशी नवरा म्हणाला, "रडू नाही आलं तर नको रडूस. पण जाऊन ये. तिथे आई एकट्या आहेत."

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. सकाळची सुरतेकडची पॅसेंजर धरली. एस.टी.ने गेलं तर धुळ्याला गाडी बदलावी लागे आणि अर्धा दिवस स्टँडवर जाई. आगगाडी स्वस्त आणि सरळ नरडाण्याला सोडणारी. अमळनेरला गरम भजी मिळाली. घेतली, पण पुडी तशीच मांडीवर राहिली. बाहेर कापूस वेचून झालेल्या शेतांत नुसत्या पऱ्हाट्या उभ्या होत्या.

नाना अख्ख्या गावाची गुरं राखायचे आणि संध्याकाळी पारावर कीर्तन करायचे. शाळा शिकले नव्हते. बोलायचे अहिराणीत, दाखले गुरांचेच. चुकलेलं वासरू शोधताना त्याला शिव्या देऊ नका, त्याच्या नावानं हाक मारा, हे ते असं सांगायचे की बाया पदर डोळ्यांना लावत. आसपासच्या गावांतून बोलावणी येत, पण सकाळी गुरं सोडायला परत येता येईल एवढ्याच लांब ते जात. आम्ही दोघी बहिणी. आमच्या वेण्यासुद्धा नाना घालायचे.

नरडाण्याला उतरल्यावर वाहन नव्हतं. आमच्या गावच्या एका आबांची बैलगाडी भेटली.

"नानानी पोर ना तू? बठ," ते म्हणाले. गाडी रस्त्याला लागल्यावर म्हणाले, "नानानी कीर्तन सोडं, तवपासून पारवर कोनी बठत नही."

कीर्तन का सोडलं ते मला ठाऊक होतं. माझी ताई, सुशीला, एकदा सासरहून पळून आली. पाठीवर वळ होते. "नाना, माले धाडू नका," एवढंच ती म्हणत होती. नाना म्हणाले, "मी लोकेस्ले संसार सांगस, आन मनीच पोर घर बठाडू का?" स्वतः तिला पोचवून आले. महिनाभरात ताई सासरच्या विहिरीत सापडली. पाय घसरला, असं तिकडच्यांनी सांगितलं.

त्यानंतर नाना पारावर कधी उभे राहिले नाहीत. दर महिन्याला मात्र जळगावला माझ्याकडे यायचे. उंबऱ्याजवळ बसून एकच विचारायचे, "बरं शे ना तुनं?" मी हो म्हणायचे आणि स्वयंपाकघरात निघून जायचे. ताईबद्दल आम्ही एकदाही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी नदीवर दहावा झाला. पिंडाला कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, सुटले नाना. माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. आई माझा हात धरून होती.

घरी पंगती उठल्यावर आम्ही बायका जेवायला बसलो. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वरण माझ्या पानात तसंच पडून राहिलं. शेजारी माझ्याच वयाची एक बाई होती, मांडीवर लहान मूल.

"मी सरू," ती म्हणाली. "नानानी माले सासरथून आनं."

मला कळेना. तिनं सांगितलं, ते असं. ताई गेल्याच्या पुढच्या वर्षी शेजारच्या गावच्या या सरूला सासरी डांबून ठेवलंय, असं नानांच्या कानावर आलं. तिच्या बापाची तिकडे जायची छाती नव्हती. नाना एकटेच गेले आणि त्या घराच्या ओट्यावर बसून राहिले.

"तीन दिन बठनात. पानीबी तठलं पिनात नहीत. 'पोरले लिसनच जासू' म्हणेत."

"तुला घेऊनच जायचं म्हणून बसले? आणि गुरं?"

"आईनी चारी. तुनी आईनी."

मी आईकडे पाहिलं. ती खरकटी भांडी गोळा करत होती. "मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"त्यास्नी सांगू दिधं नही," ती म्हणाली. "म्हणेत, तिले सांगीसन काय व्हई? सुशी थोडीच येवाव शे?"

मग मी रडले. पण नानांसाठी की ताईसाठी, हे मला आजही सांगता येत नाही. सरूसाठी ते तीन दिवस उपाशी बसले, आणि ताईला स्वतःच्या हातानं पोचवून आले. दोन्ही वेळी माणूस तोच.

दोन दिवसांनी पॅसेंजरनंच परतले. त्या बाजूला गेलात तर थंडी सरता सरता जा, नंतरचं ऊन सोसवत नाही. बघायला मोठं असं काही नाही. पार आहे, नदी आहे, गुरं आता ज्यानं त्यानं दारात बांधलेली.

घरी आल्यावर माझ्या मुलीनं विचारलं, "आई, नाना चांगले होते का गं?"

मी चप्पल काढून तिच्याजवळ बसले. म्हटलं, "हे तुझ्या मावशीला विचारायला हवं होतं."

"मला कुठे मावशी आहे?" ती म्हणाली.