ढिली कंबर

व्हीलचेअर बास्केटबॉलच्या तपासणीत मी खोटं बोललो. तोंडाने नव्हे, कमरेने.

या खेळात शरीर जितकी साथ देतं तितके गुण खेळाडूला मिळतात. मैदानावरच्या पाच जणांच्या गुणांची बेरीज ठरलेल्या आकड्याच्या वर जाऊ शकत नाही. म्हणून कमी गुणांचा माणूस प्रत्येक संघाला लागतोच. आमच्याकडे तो हळर्णचा माझा मित्र होता.

तो पाडेली, माडावर चढून नारळ पाडणारा. माडावरून पडला आणि छातीखालचं सगळं निर्जीव झालं. माझा खनिजाचा ट्रक डिचोलीत उलटला, पायांतला जीव गेला; पोटात, पाठीत मात्र ताकद उरली. तो मला चिडवायचा, "तुजा पोट अजून नोकरीर आसा मरे, माजा कधीचा रिटायर झाला." स्वतः तो क्वचितच बॉल टाकायचा. आपली खुर्ची समोरच्याच्या खुर्चीला आडवी घालून आम्हाला वाट करून द्यायचा. टाळ्या आम्हाला मिळायच्या.

माझ्या गुणांचे खेळाडू संघात माझ्याहून सरस होते, त्यामुळे मी बाकावर. राष्ट्रीय स्पर्धेआधी पुन्हा तपासणी होणार असं कळलं आणि मी त्याच्याकडे निरखून पाहू लागलो. जमिनीवरचा बॉल उचलताना तो एका हाताने चाक घट्ट धरतो. धक्का लागला की आधी मान जाते, मग सगळा कलंडतो. घरी आरशासमोर बसून मी ते शिकलो. बायकोने विचारलं, "पाठ दुखते का?" मी हो म्हटलं.

तपासणाऱ्यांनी बाजूने ढकललं तेव्हा मी कलंडलो. बॉल उचलायला वाकलो तेव्हा चाक धरलं. सरावातही तसाच खेळलो. माझे गुण उतरले. आता त्याच्या जागेवर मी बसत होतो, आणि मला बास्केटही करता येत होती. कोचने हिशेब लगेच केला.

मित्र भिंतीशी बसून सगळं पाहत होता. बाहेर पडताना एवढंच म्हणाला, "माजी नक्कल बरी केलस." तपासणाऱ्यांना त्याने काही सांगितलं नाही. खेळाच्या खुर्च्या संघाच्या, त्याही मोजक्याच. त्याच्याखालची खुर्ची मला मिळाली. ती त्याच्या मापाची होती. मी पट्टे सैल करून घेतले.

त्यानंतर काही वर्षं मी खेळलो. बातमीत फोटो आला, गावात सत्कार झाला. तो सरावाला येईनासा झाला. घरच्या जड खुर्चीत बसून बसून त्याला जखम झाली, ती चिघळली. शेवटी मीच तपासणाऱ्यांकडे जाऊन खरं सांगितलं. माझ्यावर बंदी आली. त्याला परत बोलावलं, पण डॉक्टरांनी त्याला खेळायला मनाई केली होती.

मग मी हळर्णला गेलो. तो बलकांवात, घरापुढच्या ओसरीवर, पालथा पडून होता. वहिनी चहा-पाव ठेवून आत गेली. मी कोचचं सांगू लागलो, त्याला जिंकायची किती घाई होती वगैरे. त्याने मान वळवली.

"कोच गेलो आपल्या घराक. तू कित्याक इलस, ता सांग."

मी म्हणालो, "मी मुद्दाम ढिला बसलो. मला आत शिरायचं होतं, आणि बाहेर तूच जाणार हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी केलं. माझं चुकलं. मला माफ कर."