मास्तरांची कंबर

टेलर मास्तरांच्या कंबरेवर गल्लीचा फार विश्वास होता. ऐन तारुण्यात शिवलेली पँट त्यांना साठीतही होत असे. कुणा गिऱ्हाइकाने "कापड आटलं वाटतं" अशी कुरकुर केली, की मास्तर स्वतःच्या पट्ट्याचं एकुलतं एक झिजलेलं भोक दाखवत. गिऱ्हाईक मुकाट्याने पोट आत घेई.

ही कंबर नात जन्माला आल्यावर बिघडली.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. शिलाई मशीन, कापड कापायचं लांब टेबल, उभा आरसा आणि मागे जाड पडदा. पडद्यापलीकडे सून आणि तिची तान्ही मुलगी. मुलगा बसचा ड्रायव्हर, निम्मा आठवडा लांबच्या फेऱ्यांवर. त्यामुळे सुनेच्या खाण्यापिण्याचं खातं मास्तरांच्या बायकोने आपल्याकडे घेतलं होतं. सकाळी अंडी, मग दूध, मग सूप, मग पालेभाजी आणि मऊ भात. वाटी पडद्याआड ठेवायची, "संपव हं" म्हणायचं आणि पुढच्या वाटीच्या तयारीला लागायचं. जवळ बसायला त्यांना सवड कुठे होती.

पोटात बाळ असताना हीच सून मास्तरांच्या ताटातलं अंडं डोळ्यांदेखत उचलायची आणि वर म्हणायची, "माझ्यासाठी नाही हो बाबा, आत बसलेल्यांनी मागितलंय." आता ती वाटीकडे अशी बघे, जणू शेजाऱ्यांचं टपाल चुकून आपल्याकडे आलंय.

"बाबा, एवढं तुम्ही संपवा ना," एक दिवस ती म्हणाली. "घास खाली उतरत नाही. आईंना वाईट वाटेल, सांगू नका. शप्पथ?"

"शप्पथ," मास्तर म्हणाले. सूप खरोखरच चांगलं होतं.

मग ते रोजचंच झालं. सून बोलणी खात नाही, बायको खूश, अन्नही वाया जात नाही. सगळ्यांचं भलं होतंय असं मास्तरांना वाटे. आपण खाल्लेलं सुनेच्या अंगी लागत नाही, एवढी साधी गोष्ट सूट शिवणाऱ्या माणसाच्या डोक्यात शिरली नाही. पट्टा आधी एक भोक सरकला, मग भोकं संपली. शेवटी मास्तरांनी पँटच्या शिवणीत राखून ठेवलेलं कापड उसवून कंबर वाढवली.

"मास्तर, बाळंत सून झालीय की तुम्ही?" समोरचा सलूनवाला विचारी. "काय तेज आलंय चेहऱ्यावर."

बायकोलाही कोडं पडलं होतं. "ताटावर तर नुसते चिवडत बसता. मग फुगता कसे?"

"वय झालं गं."

"वयाने माणूस वाकतो. गोल होत नाही."

दुकानाची काज-बटणं सून करायची, तीही गुणगुणत. हल्ली एकच शर्ट तिच्या मांडीवर दिवसचे दिवस पडून असे. एकदा ती पडद्याकडे बघत म्हणाली, "बाबा, हिला दुसरी कुणी आई मिळाली असती तर बरं झालं असतं."

"तू जरा झोप काढ."

"ती झोपते तेव्हाही मला झोप येत नाही. नुसती पडून असते."

मास्तर पुन्हा मशीनवर बसले. मग तिने एक ड्रेस, सैल होतो म्हणून आत घ्यायला दिला. त्यांनी माप घेतलं आणि आधी दोष टेपला दिला. दुसरी टेप आणली, तरी आकडा तोच. लग्नाआधी शिवलेल्या ड्रेसपेक्षाही ती बारीक झाली होती. त्या दिवशीचं सूप मास्तरांच्याही घशाखाली उतरेना. शप्पथ मोडावी तर सुनेचा विश्वास जाणार, पाळावी तर सूनच हातची जाणार.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातली नर्स घरी आली. बाळ ठीक होतं. सून वजनकाट्यावर उभी राहिली तशी नर्सने काटा दोनदा हलवून पाहिला.

"खाते ना ही?"

"खाते म्हणजे?" सासूबाई म्हणाल्या. "वाट्या इतक्या चाटूनपुसून येतात, की घासताना मला लाज वाटते."

"मग हे सगळं जातं कुठे?"

सुनेने मान न हलवता मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी चपला काढल्या, टेबलाला वळसा घातला आणि स्वतः काट्यावर चढले.

"इथे आहे," ते म्हणाले.

काटा बराच वेळ डुलत राहिला. बायकोने तोंड उघडलं. पण नर्सने हात वर केला, सुनेला पडद्याआड नेलं आणि बराच वेळ तिच्याशी बोलत बसली. नको ते विचार मनात येतात का, हेही तिने स्पष्ट विचारलं. बाहेर येऊन म्हणाली, "ही खोड नाही आणि आळसही नाही. बाळंतपणानंतर मनही आजारी पडतं. भूक जाते, झोप जाते, आपण काही कामाच्या नाही असं वाटतं. पुष्कळ जणींना होतं आणि उपचारांनी बरंही होतं. उद्याच डॉक्टरांकडे न्या. आणि नुसत्या वाट्या पाठवू नका, कुणीतरी शेजारी बसा."

"आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही," सासूबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मी मोरीत नळ सोडून रडायचे, तेवढंच."

"तू रडायचीस?" मास्तर काट्यावरूनच म्हणाले. "मला वाटायचं तुला सर्दी आहे."

"वर्षभर सर्दी असते कुणाला?"

मास्तर काट्यावरून उतरले. उतरताना त्यांचा चेहरा पडला होता.

डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या. दर आठवड्याला एका समुपदेशक बाईंशी बोलायला सून जाऊ लागली. मुलाने रजा काढली आणि रात्री बाळाला तो घेऊ लागला. सासूबाई आपलं ताट घेऊन सुनेजवळ बसू लागल्या. घास थोडे असत, गप्पा जास्त. मास्तरांना मात्र जेवणाच्या वेळी पडद्यापलीकडे जायला बंदी झाली. सुधारणा चटकन झाली नाही. कधी अर्धी वाटी परत येई, कधी अख्खी, आणि मास्तर ती न चाखता, बायकोच्या देखत स्वयंपाकघरात नेऊन ठेवत.

पुष्कळ दिवसांनी एका दुपारी सुनेचा हात पडद्याबाहेर आला. हातात सुपाची वाटी, रिकामी. मास्तरांनी ती उजेडात धरली, तिरकी करून पाहिली. खरं सांगायचं तर त्यांचा जरा विरसही झाला.

"तळाशी काही नाही हो बाबा," पडद्याआडून आवाज आला. "बघून झालं असेल तर त्या शर्टाची बटणं द्या इकडे. आणि तुमची पँटही द्या, आत घ्यायला."