बर्फाच्या गावाहून परतल्यावरची तक्रार

ते प्रकरण माझ्या स्मरणातून आजही पुसले गेलेले नाही, आणि लीड्सच्या आमच्या मराठी मंडळींत त्याच्या ज्या दोन हकिकती फिरतात त्या दोन्ही असत्य आहेत. एक म्हणते, मी माझ्या समाजाच्या मुलीला वाचवले. दुसरी म्हणते, तपास माझ्या इंग्रज इन्स्पेक्टरने केला आणि मी नुसता दुभाष्या होतो. या हकिकती सांगणाऱ्यांपैकी एकही जण तेव्हा त्या घरात नव्हता. मी होतो.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. मी डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. एक मराठी डॉक्टर पत्नी आणि मुलांसह आल्प्समधील एका गावी सुट्टीला गेले होते. वर स्कीइंगचे उतार आणि खाली गंधकाच्या गरम पाण्याची स्नानगृहे, अशी त्या गावाची ख्याती. आमच्या डॉक्टर मंडळींत तेव्हा स्कीइंगला जाऊन येणे हे मोठेपणाचे लक्षण झाले होते. ते परतले आणि दुसऱ्याच सकाळी डॉक्टरांचा ठाण्यात फोन आला. पत्नीचे लांब मंगळसूत्र घरातून चोरीला गेले होते.

आम्ही पंचनामा केला. दार शाबूत, खिडक्या शाबूत. देवघराखालच्या कपाटात बाकीचे दागिने जसेच्या तसे, फक्त मंगळसूत्र नाही. चोर एकच दागिना नेतो आणि बाकीच्यांना हात लावत नाही, हे मला पहिल्यापासून खटकले. इन्स्पेक्टरला खटकले नाही. त्याला किल्ली कोणाकडे होती एवढेच हवे होते.

"किल्ली फक्त तिच्याकडे होती," डॉक्टरांच्या पत्नी म्हणाल्या. "हॉस्पिटलमधली नर्स, अजून शिकतेय. कुंड्यांना पाणी घालायला सांगितलं होतं. मी प्रवासात छोटं मंगळसूत्र घालते, लांब घरीच ठेवलं होतं." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "तुम्ही आपलेच ना? आडनाव काय म्हणालात?"

मी आडनाव सांगितले. त्यानंतर त्या इन्स्पेक्टरशीच बोलू लागल्या.

सुट्टी कशी गेली, हेही मी विचारून घेतले. तक्रारदाराला इकडचे तिकडचे बोलू द्यावे, हा माझा रिवाज. "हे आणि मुलं बर्फात. मी आपली हॉटेलात. गरम पाण्याच्या कुंडात उतरायला तो पोहण्याचा ड्रेस लागतो. मी बाई पाण्याला पायसुद्धा लावला नाही. सासूबाई काय म्हणतील?" त्यांच्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या आणि त्या आठवड्यात स्लाऊला लेकीकडे राहिल्या होत्या. मंगळसूत्र त्यांनीच सुनेच्या गळ्यात घातलेले.

त्याच दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. बाईचा आवाज, उच्चार आमचे. ती नर्स नवा कोट घालून हिंडते, एवढेच सांगून फोन ठेवला गेला.

आता नीट वाचावे. मी त्या मुलीला ठाण्यात बोलावले आणि टेप लावून तिचा जबाब घेतला. शेजारी वकील होता. दयामाया दाखवली नाही.

"कोट कुठून आणला?"

"मार्केटमधून. जुनाच आहे, अस्तर बघा."

"देवघराचं कपाट उघडलंस?"

"देवघराकडे जायचं नाही, असं बजावलं होतं मला. नाही गेले."

"का बजावलं होतं?"

"ते तुम्ही मला विचारताय, साहेब?"

मी प्रश्न बदलला नाही, तोच पुन्हा विचारला. दुकानदाराने कोट ओळखला, पण त्याने काही सिद्ध होत नव्हते. इकडे हॉस्पिटलने तिला वॉर्डवरून दूर केले होते. चोरीचा डाग राहिला तर तिचे शिक्षण तिथेच संपणार होते.

मी पुन्हा डॉक्टरांच्या घरी गेलो. इन्स्पेक्टर बूट घालूनच गालिच्यावर गेला. मी रीतीप्रमाणे दारात बूट काढण्यासाठी वाकलो. समोर डॉक्टरांच्या पत्नी उघड्या सपाता घालून उभ्या होत्या. त्यांची चांदीची जोडवी कोळशासारखी काळी पडली होती.

मी कोकणातला. आमच्या गावाजवळ गंधकाचे झरे आहेत. वरच्या कुंडात आम्हाला मज्जाव होता, म्हणून आई खालच्या ओहोळात अंघोळ करायची. घरी आली की चिंच लावून जोडवी घासत बसायची. गंधकाचे पाणी चांदीला काय करते, हे मला कोणत्याही प्रयोगशाळेने शिकवलेले नाही.

"बाई, जोडवी शेवटची कधी घासली होती?"

"जायच्या आदल्या दिवशी. का?"

"मग ती अशी कशाने झाली?"

त्यांनी पाऊल साडीत ओढून घेतले. डॉक्टर उसळले, "व्हॉट नॉन्सेन्स इज धिस?"

"डॉक्टर, जरा बसून घ्या."

कोपऱ्यातल्या सासूबाई सुनेच्या पायांकडे पाहत होत्या. "अगं, पाण्यात उतरली होतीस?" एवढेच त्यांनी विचारले.

त्या प्रश्नापुढे सून टिकली नाही. कुंडापाशी अंगावरचे सगळे दागिने काढून ठेवायला सांगितले होते. जोडवी निघेनात, आणि लॉकरवर विश्वास नव्हता म्हणून, घरी न ठेवता सोबत नेलेले ते लांब मंगळसूत्र गळ्यातच राहिले. पाण्यातून बाहेर आल्यावर गळा मोकळा होता. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारले तेव्हा तोंडून 'चोरीला गेलं' असे निघाले, आणि पतीने पोलिसांना फोन लावला. रीतसर जबाब मी नंतर ठाण्यात घेतला. तिथल्या पोलिसांमार्फत चौकशी केली तेव्हा कळले, की कुंड रिकामे करताना मंगळसूत्र जाळीत सापडले होते. जपमाळ समजून त्यांनी ते चर्चच्या पाद्र्याकडे दिले होते.

इन्स्पेक्टरचे कर्तृत्व यापुढे सुरू होते. तो म्हणाला, "पुरावा अपुरा असे लिहू आणि मिटवू. डॉक्टर प्रतिष्ठित आहे." मी नकार दिला. पुरावा अपुरा म्हणजे चोरी झाली, चोर सापडला नाही, आणि किल्ली त्या मुलीकडे होती. मला 'गुन्हा घडलाच नाही' असा शेरा हवा होता. आमचे कडाक्याचे भांडण झाले. वरिष्ठांपर्यंत गेलो, शेरा मिळवला. पोलिसांचा वेळ वाया घालवल्याबद्दल डॉक्टरांच्या पत्नीला औपचारिक ताकीदही दिली गेली. आमच्या मराठी मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. राहू दे.

तो शेरा घेऊन मी स्वतः मेट्रनच्या कार्यालयात गेलो. बाहेर पडलो तेव्हा ती मुलगी व्हरांड्यात उभी होती.

"साहेब, तुम्हालाही वाटलं होतं ना, मीच घेतलं म्हणून?"

"वाटलं होतं. त्या बाईंचाही संशय आला होता. डॉक्टरांचाही."

"डॉक्टरांचासुद्धा?" ती जरा हसली. "मग ठीक आहे." आणि ती वॉर्डमध्ये ड्युटीवर गेली.

मी तिला वाचवले असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. त्या घरातल्या प्रत्येकावर मी सारखाच संशय घेतला, आणि नोकरीत शिकलो ते एवढेच. बाकीच्यांनी तो फक्त तिच्यावर घेतला होता.