नॉर्डालमधली शेवटची वडी

आमच्या नॉर्डाल गावात कादंबरीकार एकच, नाटककार एकच आणि धान्याचे ट्रक वजन करणारी बाईही एकच. तिघींचं मिळून नाव आर्डिस त्वेटन. मिनेसोटातल्या सहाशे बारा वस्तीच्या या गावाचं अख्खं साहित्य एका वजनकाट्यावर बसलेलं होतं म्हणा ना.

बसलेलं हे अगदी खरं. धान्याच्या कोठारापाशी काट्याची खोली होती. दोन माणसं आत आली की तिसऱ्याने बाहेरूनच बोलायचं, एवढी ऐसपैस. ट्रक काट्यावर चढला की आर्डिस वजन लिहायची, पावती फाडून द्यायची आणि ट्रक हलला की पुढच्या पावतीच्या पाठीवर कादंबरी लिहायला लागायची. त्यामुळे तिची शैली पिकापाण्यावर अवलंबून. ऑक्टोबरात मक्याच्या ट्रकांची रांग लागली की "तो आला. बसला. उठला." अशी वाक्यं पडायची. जानेवारीत बर्फाने रस्ते बंद झाले, आठवड्याला एखादा ट्रक यायला लागला, की वाक्य असं लांबायचं की कर्ता भेटल्यापासून क्रियापद गाठेपर्यंत वाचणाऱ्याची कॉफी गार. न्यूयॉर्कच्या एका प्रकाशकाने एकदा या बदलत्या लयीचं रहस्य मोठ्या आदराने विचारलं होतं. आर्डिसनं प्रामाणिकपणे कळवलं, की त्या वर्षी सोयाबीन चांगलं आलं होतं.

तिच्या कादंबऱ्या चार. तिसरीत एक पाहुणा चाळिसाव्या पानावर "बरं, निघतो मग" म्हणून उठतो आणि एकशे नव्वदाव्या पानावर त्याची गाडी सुरू होते. मधली दीडशे पानं तो दारात, पायरीवर, अंगणात आणि गाडीची काच खाली करून बोलतो. त्याच प्रकाशकाने हस्तलिखित परत पाठवताना लिहिलं, "ते गृहस्थ एव्हाना घरी पोचले असतील अशी आशा आहे." आर्डिसनं ती कादंबरी तालुक्याच्या छापखान्यात स्वतः छापून घेतली. गावाने वाचली आणि पाहुणा जरा घाईनेच गेला, असं मत दिलं.

नाटकांचं दुखणं वेगळं होतं. कादंबरीतली माणसं निदान आर्डिसच्या ताब्यात होती. नाटकातली माणसं नॉर्डालची होती, आणि नॉर्डालच्या माणसाला चारचौघांत कुणाला दुखवणं जमत नाही. आर्डिस लिहायची, "चालता हो!" ऑर्लिन बाक्के रंगमंचावर म्हणायचा, "चालता हो... म्हणजे तुझ्या सवडीने. घाई काही नाही." हा ऑर्लिन पेशाने गुरांचे लिलाव करणारा. गोठ्यात उभा राहिला की त्याचा आवाज पलीकडच्या तालुक्यातल्या गाईंना ऐकू जायचा. पण तो दुसऱ्यांच्या बोल्या ओरडणारा माणूस. स्वतःसाठी त्याने जन्मात कधी बोली लावली नव्हती.

त्र्याऐंशी साली आर्डिसनं खुनाचं नाटक लिहिलं. खुनी बंदूक घेऊन आत आला, पायपुसण्यावर बूट पुसले आणि म्हणाला, "चुकीच्या वेळी तर नाही ना आलो?" ज्यांचा खून व्हायचा ते गावच्या चर्चचे पास्टर, हाल्वर लिंडेमो. ते म्हणाले, "छे छे, बसा की. कॉफी?" खुनी तीन वेळा नको म्हणाला, चौथ्यांदा अर्धा कप घेतला, आणि खून त्या वर्षी राहूनच गेला. लोकांना नाटक आवडलं.

आर्डिस तेव्हा काहीच बोलली नाही. ती बोलणार तरी कशी? ती इथलीच. अठ्ठावन्न साली कोठाराच्या व्यवस्थापकाची जागा रिकामी झाली होती. नवा मालक शिकागोचा. त्याने आर्डिसला बोलावून विचारलं, "ही जागा तुम्ही घ्याल का?" आर्डिस रीतीप्रमाणे म्हणाली, "छे हो, दुसऱ्या कुणाला तरी द्या." आणि तो पुन्हा विचारेल म्हणून हात जोडून उभी राहिली. शिकागोवाला म्हणाला, "ठीक आहे," आणि दुसऱ्या कुणाला तरी दिली. आमच्या गावात या गोष्टीवर अजून लोक हळहळतात. एका नकाराला खरं मानणारा माणूस आम्ही त्याआधी पाहिलेला नव्हता. आर्डिस त्यानंतर तीस वर्षं त्याच काट्यावर बसली.

अठ्ठ्याऐंशी साली राज्यातल्या गावोगावच्या नाटकांची स्पर्धा जाहीर झाली. परीक्षक मिनिआपोलिसहून गावात येणार, आणि नाटक लिहिलं असेल तसंच, शब्द न बदलता व्हायला हवं ही अट. आर्डिसनं अट वाचली आणि त्या हिवाळ्यात, भर बर्फात, आखूड वाक्यांचं नाटक लिहिलं. आम्हाला तेव्हाच कळायला हवं होतं, की काहीतरी गंभीर आहे.

नाटक दोन भावांचं. आईला पुरून आल्यावर दोघे स्वयंपाकघरात बसलेत. मध्ये ताटलीत लिंबाच्या वड्या, शेजारणीने आणून दिलेल्या. दोघे हवापाण्याबद्दल बोलतात, ट्रॅक्टरबद्दल बोलतात, शेत कुणाकडे जाणार याबद्दल अवाक्षर काढत नाहीत, आणि वड्या खातात. शेवटी ताटलीत एकच वडी उरते. धाकटा भाऊ ती उचलतो, अख्खी तोंडात घालतो आणि म्हणतो, "ही माझी. मला हवी होती." पडदा.

पहिलं वाचन झालं.

"वेगळंच आहे हं," लव्हॉन स्कोग म्हणाली. लव्हॉन पडदा ओढायची, नटांना विसरलेले शब्द सांगायची आणि गावातल्या प्रत्येक मयताला लिंबाच्या वड्या करायची. आमच्याकडे "वाईट नाही" म्हणजे साष्टांग नमस्कार, आणि "वेगळंच आहे" म्हणजे पुन्हा दारात उभी राहू नकोस.

"अख्खी?" ऑर्लिनने विचारलं. धाकटा भाऊ तोच होता.

"अख्खी," आर्डिस म्हणाली.

"शेवटची?"

"शेवटची."

ऑर्लिनने कपाळ पुसलं. नॉर्डालमध्ये शेवटची वडी कुणी खात नाही. कुणी अर्धी कापतं, दुसरं कुणी त्या अर्ध्याची पाव करतं, पुढचा पावाचा अर्धपाव करतो, आणि ताटली घासायला जाते तेव्हाही तिच्यात सुईच्या टोकाएवढी वडी शिल्लक असते. माझ्या माहितीतली एक ताटली दोन दिवस फिरत होती.

"अगं आर्डिस, हा माणूस वाईट आहे का?" थोरल्या भावाचं काम करणाऱ्या पास्टरांनी विचारलं.

"नाही, पास्टर. त्याला भूक लागलीय."

"मग शेवटी 'कुणाला नको असेल तर' एवढं घालू या का? चारच तर शब्द वाढतात."

"ऑर्लिन, हे वाक्य मला एकदा ऐकायचंय," आर्डिस पास्टरांकडे न बघता म्हणाली. "मी लिहिलंय तसं. मी चौसष्ट वर्षांची आहे. चार कादंबऱ्या आणि अकरा नाटकं लिहिली, आणि माझं एकही वाक्य मी लिहिलं तसं माझ्या कानावर पडलेलं नाही."

एवढं मोठं भाषण तिने आयुष्यात केलं नव्हतं. ऑर्लिन घाबरून हो म्हणाला.

चर्चच्या तळघरातल्या तालमींना पुठ्ठ्याची वडी होती आणि पुठ्ठ्यापुढे ऑर्लिन वाघ होता. झडप घालायचा, दातांनी फाडायचा आणि "ही माझी!" असा गरजायचा की वरती चर्चमधला ऑर्गन गुणगुणायला लागायचा. आर्डिस मागच्या खुर्चीत बसून मान हलवायची. महिनाभरात त्याने एकवीस पुठ्ठे खाल्ले आणि एकदाही माफी मागितली नाही. आम्ही सगळे निर्धास्त झालो.

नाटक रविवारी दुपारी, चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये. एकशे चाळीस लोखंडी खुर्च्या, सगळ्या भरलेल्या. पुढच्या रांगेत मिनिआपोलिसच्या परीक्षक मिस प्रुइट, मांडीवर वही. पडदा उघडला आणि विंगेत उभ्या आर्डिसनं टेबलाकडे पाहिलं. टेबलावर ताटली होती आणि ताटलीत खऱ्या वड्या होत्या. बारा. वर पिठीसाखर.

"लव्हॉन! हे काय?"

"अगं, शहरातल्या बाई आल्यात," लव्हॉन कुजबुजली. "त्यांच्यासमोर पुठ्ठा खायला घालायचा? गावाची काही लाज आहे की नाही?"

नाटक चाललं ते दृष्ट लागण्यासारखं. हवापाणी झालं, ट्रॅक्टर झाला, शब्द न शब्द जागच्या जागी. वड्या संपत गेल्या. प्रेक्षकही मनातल्या मनात मोजत होते. पाच, चार, तीन. दोन झाल्या तेव्हा कुणी खोकलंसुद्धा नाही. एक उरली.

ऑर्लिनने हात पुढे केला. हात वडीच्या वर चार बोटं येऊन थांबला. हॉलमधले एकशे चाळीस जण बघत होते. त्यांत त्याचा दंतवैद्य होता, दोन मेव्हण्या होत्या, आणि ज्यांच्या गाई त्याने विकल्या ते सगळे होते. हात मागे गेला, खिशात शिरला आणि चाकू घेऊन बाहेर आला. त्याने वडी अर्धी कापली, अर्धी खाल्ली आणि सुटल्यासारखा श्वास टाकला. पाठोपाठ हॉलनेही टाकला.

पास्टरांना राहवलं नाही. थोरल्या भावाला या जागी एकही शब्द नव्हता. पण ते म्हणाले, "दे इकडे चाकू," आणि अर्ध्याची पाव केली.

"ऑर्लिन!" विंगेतून आर्डिस ओरडली. "ही माझी!"

"तुझी?" ऑर्लिन आनंदाने म्हणाला. "मग ये ना, घे की!"

"अरे, तुझं वाक्य आहे ते!"

"हो, हो." तो पुन्हा त्या पाव वडीकडे वळला, बराच वेळ बघत राहिला आणि तिचा अर्धपाव केला. मिस प्रुइट वहीत लिहायचं सोडून घड्याळ बघत होत्या. पंधरा मिनिटं झाली. ताटलीत आता बदामाच्या आकाराचा तुकडा होता आणि ऑर्लिनच्या नाकावरून घाम टपकत होता.

"मला नाही जमत, आर्डिस," तो रंगमंचावरून, सगळ्यांसमोर म्हणाला. "पुठ्ठा असता तर... लोक बघतायत गं."

 आर्डिसनं विंगेचं लाकूड एका हाताने धरलं आणि त्याला डोकं टेकलं. हे हॉलमधल्या सगळ्यांना दिसलं, आणि आमच्या गावात कुणी चारचौघांत लाकडाला डोकं टेकत नाही.

तिसऱ्या रांगेतून तिचा भाऊ आयनर उठला. आयनर त्वेटन वर्षाला साधारण चाळीस वाक्यं बोलतो.

"ऑर्लिन, आम्ही नाही बघत," तो म्हणाला. त्याने खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि बसला.

शेजारच्याला एकटं सोडणं बरं दिसत नाही, म्हणून तिसरी रांग वळली. तिसरी वळली म्हणून चौथी. लोखंडी खुर्च्यांचा असा खडखडाट झाला की वरून कुणी तरी चर्च खाली उतरवतंय असं वाटावं. दोन मिनिटांत एकशे एकोणचाळीस माणसं रंगमंचाकडे पाठ करून भिंतीवरच्या जुन्या पास्टरांच्या तसबिरी बघत बसली होती.

"बाई," आयनरच्या बायकोने मिस प्रुइटना खांद्याला हळूच हात लावून म्हटलं, "तुम्हाला त्रास होणार नसेल तर..."

"पण मी परीक्षक आहे!"

"हो, तेच. तुम्ही सगळ्यात जास्त बघताय."

मिस प्रुइटनी एकदा सभोवार पाठींकडे पाहिलं आणि खुर्ची फिरवली. मग लव्हॉननेही पडद्याची दोरी हातात धरून तोंड फिरवलं, आणि पास्टर लिंडेमो स्वयंपाकघराच्या रंगवलेल्या खिडकीतून रंगवलेलं शेत बघायला लागले.

आता ऑर्लिनकडे फक्त आर्डिस बघत होती. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, महिनाभर हलवायची तशी.

त्याने तुकडा उचलला, तोंडात घातला आणि सगळे लिलाव पणाला लावून गरजला, "ही माझी! मला हवी होती!"

तसबिरी हलल्या. वाक्यात ना शब्द वाढला होता ना कमी झाला होता. आर्डिसचा हात लाकडावरून खाली आला आणि तसाच लोंबत राहिला.

भिंतीकडे तोंड करून एकशे चाळीस जणांनी टाळ्या वाजवल्या. पडदा पडायला हवा होता, पण दोरी धरलेली लव्हॉन भिंतीकडे बघत होती. टाळ्या थांबल्या, तरी कुणी वळेना. आधी कोण वळणार? जो पहिला वळेल त्याला ऑर्लिन खाताना दिसणार.

"झालं का रे खाऊन, ऑर्लिन?" आयनरने भिंतीला विचारलं.

ऑर्लिनच्या तोंडात घास होता आणि घास तोंडात असताना बोलायचं नसतं, म्हणून तो बोलला नाही. पाच मिनिटं गेली. मागच्या टेबलावर कॉफीची भांडी गार होत होती, हे सगळ्यांना कळत होतं.

मग आर्डिस विंगेतून बाहेर आली. अकरा नाटकांत ती पहिल्यांदा रंगमंचावर उभी राहिली, आणि समोर हॉलभर मानगुटी.

"वळा," ती म्हणाली.

कुणी हललं नाही. "अगं, आमचं काय, आम्ही बरे आहोत," मागून कुणीतरी म्हणालं. "तू अवघडू नकोस."

"वळा म्हणते ना! मला तुमची तोंडं बघायचीयत."

"तुला वाईट वाटणार नसेल तर..." लव्हॉनने सुरुवात केली.

"वाटू दे. मला बघायचंय."

 मग पुन्हा तोच खडखडाट झाला आणि आम्ही सगळे वळलो. बक्षीस त्या वर्षी दुसऱ्याच गावाला गेलं. मिस प्रुइटनी अहवालात लिहिलं होतं, की लेखिकेचं शेवटचं वाक्य स्पष्ट ऐकू आलं, परंतु त्याआधीच्या सतरा मिनिटांना संहितेत आधार सापडत नाही, आणि अभिनयाविषयी आपल्याला काही सांगता येत नाही. पण हे नंतरचं. त्या वेळी आर्डिस रंगमंचाच्या कडेला उभी होती आणि आम्ही लाजेने लाल होऊन तिच्यासमोर बसलो होतो. तिने आभार मानले नाहीत. कॉफी तयार आहे असंही म्हणाली नाही. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत एकेका चेहऱ्याकडे ती पोट भरेपर्यंत बघत राहिली. कुणी मान खाली घातली की थांबायची, आणि मान वर आली की पुढे जायची.

मग म्हणाली, "झालं."