पन्नास गाणी आणि एक चाल

बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि तिची चाल मला उज्जैनच्या नानाखेडा बसस्टँडबाहेर एका ऑटोत ऐकू आली.

चाल म्हणजे पोळ्या लाटताना ती जे गुणगुणायची ते. त्याला शब्द नव्हते. चार-पाच सूर वर जायचे, तिथे जरा थांबायचे, आणि खाली येताना मधला एक सूर गाळून यायचे, घाईत जिना उतरणारा माणूस एखादी पायरी सोडतो तसे. पोळी तव्यावर पडली की चाल थांबायची. पुढची लाटायला घेतली की जिथे सोडली तिथून सुरू. बावीस वर्षं मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत ती ऐकली. हे कुठलं गाणं, असं एकदाही विचारलं नाही. त्यात काय, केव्हाही विचारता आलं असतं.

ऑटोत पंजाबी गाणं लागलं होतं. ढोल सुरू व्हायच्या आधी कुणीतरी ओठ मिटून गुणगुणत होतं, आणि ते तेच होतं. देवास गेट आलं तरी मी उतरलो नाही. ऑटोवाल्याने मागे वळून पाहिलं, तेव्हा मी त्याला विचारलं, "भिया, ये गाना पुराना है क्या?"

"पुराना?" तो हसला. "अंकलजी, पंद्रह दिन से एक नंबर पे चल रहा है. कौन से गाँव से आए हो?"

घरी येऊन मुलीला ते ऐकवलं. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी म्हणालो, "ही आईची चाल. आई हेच म्हणायची." तिने कानातला इयरफोन काढला, फोन कानाशी धरून ऐकलं आणि तिचे डोळे भरून आले. "हो बाबा. हेच," ती म्हणाली.

पण गाणं पंधरा दिवसांचं, आणि बायको जाऊन दीड वर्ष झालेलं. म्हणजे तिने आणि त्या पंजाबी गाण्यावाल्याने दोघांनी ती चाल कुठल्या तरी जुन्या गाण्यातून घेतली असणार. ते गाणं सापडलं तर त्याला शब्द असतील. इतकी वर्षं स्वयंपाकघरात ती काय म्हणत होती ते कळेल. मला ते हवं होतं. दुसरं काही मला त्या दिवसांत हवं होतं असं आठवत नाही.

शोधायची पद्धत मी माझ्या परीने ठरवली. फोनवरच्या गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक प्रकाराची वेगळी यादी असते, आत्ता काय जास्त ऐकलं जातंय त्याची. मी पाच प्रकार घेतले: हिंदी सिनेमा, पंजाबी, भोजपुरी, मराठी आणि भजनं. प्रत्येकातली पहिली दहा. दर रविवारी सकाळी अंघोळ झाली की चौकटींच्या वहीत नावं उतरवायची, पन्नासही गाणी पूर्ण ऐकायची, आणि तिच्या चालीशी किती जुळतं त्याचे दहापैकी गुण द्यायचे. माझा हिशेब असा होता की, चाल भोजपुरीत आणि भजनात दोन्हीकडे निघाली तर मूळ लोकगीतात. फक्त सिनेमात निघाली तर मूळ एखाद्या जुन्या सिनेमात. मराठीत निघाली तर तिच्या माहेरी.

"बाबा, कॉलनीत कुणाला सांगू नका हं," मुलगी म्हणाली, "की तुम्ही सकाळी सकाळी भोजपुरी टॉप टेन ऐकता."

कॉलनीला ते कळलंच. शेजारच्यांनी गच्चीवरून विचारलं, "क्यों साहब, बारात किसकी आ रही है?"

इतकं ऐकल्यावर काही गोष्टी लक्षात येतात, त्या लिहून ठेवल्या पाहिजेत. पंजाबी गाणं पहिल्या दहा सेकंदांत आपलं काय ते सांगून टाकतं. नंतर तेच ते. भोजपुरी गाणी सगळ्यात लवकर चढतात आणि सगळ्यात लवकर पडतात. एका रविवारी दुसरी असलेली पुढच्या रविवारी यादीतच नाहीत. सिनेमाची गाणी सिनेमा उतरला तरी रेंगाळतात. मराठी यादीत हळदीची गाणी लग्नसराईबरोबर येतात आणि तिच्याबरोबर जातात. भजनांची यादी जवळजवळ हलत नाही. आपल्या उज्जैनला तर ती यादी फोनवर पाहायचीही गरज नाही, देवास गेटच्या दुकानांसमोरून चालत गेलं की पुरे. आणि मनगटावरच्या घड्याळावर ठेके मोजले तेव्हा दिसलं की यादीत सगळ्यात वरचं भजन आणि सगळ्यात वरचं भोजपुरी गाणं एकाच गतीने चालतात. डोळे मिटले तर पहिल्या पंधरा सेकंदांत फरक सांगता येत नाही.

पहिल्या रविवारी पन्नासांत दोनच गाण्यांना पाचच्या वर गुण मिळाले. तिसऱ्या रविवारी पाच गाण्यांना. सहाव्या रविवारी चौदा. मला आनंद झाला. सगळीकडे ती दिसायला लागली होती. सिनेमाच्या प्रेमगीतात ती, हळदीच्या गाण्यात ती, भाजी आणायला गेलो तर रस्त्यावरच्या भजनात ती. कधी कधी स्वयंपाकघरातून आवाज आला असं वाटून मी उठून जायचो. तिथे कुणी नसायचं. मागच्या गल्लीत कुणाचा तरी फोन वाजत असायचा.

मग सवयीप्रमाणे मी सहाही रविवारची पानं वहीतून काढून शेजारी शेजारी ठेवली.

मी सरकारी खात्यात पिकांच्या उताऱ्याचे आकडे तपासतो. गावोगावहून वजनं येतात, आम्ही ती पडताळतो. एका वर्षी एका तहसिलीतल्या सगळ्याच गावांचा गहू एकदम चढला होता. आमचे साहेब म्हणाले, शेतं बघायला जाऊ नका, आधी काटा बघा. काटाच बिघडलेला निघाला.

भजनांच्या यादीतली दहापैकी नऊ गाणी पहिल्या रविवारपासून तीच होती. त्यातल्या एका भजनाला मी पहिल्या रविवारी एक गुण दिला होता. सहाव्या रविवारी सात. भजन तेच होतं. गाणारा तोच. मराठीतही तसंच, सिनेमातही तसंच. सगळीकडे एकदम चढ.

काटा म्हणजे माझ्या डोक्यातली तिची चाल, आणि तीच सरकली होती.

मी फोन बंद केला आणि ती चाल नुसती आठवून पाहिली. पोळपाट आठवला, तिची पाठ आठवली. सूर वर गेले, थांबले, आणि ढोल सुरू झाला. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा ढोल. तिच्या आवाजातले फोनवरचे निरोप मी जपून ठेवले आहेत, अकरा आहेत, 'येताना दूध घेऊन या' असले. ते सगळे ऐकले. एकातही ती गुणगुणत नाही.

त्याच दिवशी दुपारी मी देवास गेटजवळ तिच्या मोठ्या बहिणीकडे गेलो. म्हटलं, माहेरी ती कुठलं गाणं म्हणायची, पोळ्या करताना?

"ती आणि गाणं?" ताई हसायलाच लागल्या. "भावोजी, कुणी भरवलं हे तुमच्या डोक्यात? शाळेच्या प्रार्थनेत बाई तिला मागच्या ओळीत उभं करायच्या. नुसते ओठ हलव म्हणायच्या, आवाज काढू नको."

"गुणगुणायचीसुद्धा नाही?"

"कधीच नाही हो. चोवीस वर्षं एका खोलीत झोपलो आम्ही. मला कळलं नसतं?" मग माझ्याकडे बघून त्यांचं हसणं थांबलं. "तुमच्याकडे लागली असेल सवय," त्या म्हणाल्या. "चहा टाकते. बसा."

म्हणजे मूळ गाणं नव्हतंच. शब्द नव्हतेच. ती चाल तिची तिनेच कधीतरी आमच्या त्या स्वयंपाकघरात जुळवली होती, आणि भिंतीपलीकडे पेपर घेऊन बसलेला मी एकटाच ती ऐकणारा होतो. आणि ती नीट आठवावी म्हणून मी सहा रविवार तिच्यावर तीनशे वेळा दुसरी गाणी ओतली होती.

घरी आलो तेव्हा मुलगी कणीक मळत होती. मी म्हणालो, "आईची चाल म्हणून दाखव बरं."

तिने म्हटली. सूर वर गेले, थांबले, आणि ती पुढे जायच्या आधी ढोलाला जागा सोडून थांबली.

"हे गाणं यायच्या आधी," मी विचारलं, "तुला ती आठवत होती?"

तिचे हात परातीत थांबले. "माझ्या कानात सारखे इयरफोन असायचे ना, बाबा. आई हाका मारायची तेही ऐकू यायचं नाही." मग हळूच म्हणाली, "तुम्ही हेच आहे म्हणालात, म्हणून मी हो म्हटलं. मला वाटलं, चला, निदान आता तरी मला माहीत आहे."

तिला तसंच राहू द्यावं असं एक क्षण वाटलं. पण चुकीचा आकडा आहे हे माहीत असताना मी आजवर त्याखाली सही केलेली नाही.

"ते आईचं नाही," मी म्हणालो. "जवळचं आहे. मी चुकलो."

"मग आईचं कसं होतं?"

मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलो. डोळे मिटले, आणि ढोल यायच्या आत घाईघाईने काहीतरी गुणगुणलो. ते त्या पंजाबी गाण्यातलं नव्हतं एवढं नक्की. खाली येताना आवाज कुठेतरी घसरला.

"परत," ती म्हणाली.

मी परत म्हटलं.

"नाही, हे वेगळं झालं. आधीचं म्हणा."

मी तिसऱ्यांदा म्हटलं, चौथ्यांदा म्हटलं. ती मान हलवत राहिली. आधीचं कसं होतं ते मला सांगता येईना. शेवटी तिने मला हाताने थांबवलं, पिठाचाच हात, आणि स्वतः प्रयत्न केला. दोन सूर तिला सापडले. तिसऱ्याला ती अडखळली आणि माझ्याकडे बघत राहिली, मी बरोबर की चूक ते सांगेन म्हणून.